पोर्ट चोवीस, पण वॅट किती?

महाराष्ट्रातलं भारनियमन ज्यांनी सोसलंय त्यांना आठवत असेल, घरातले दिवे-पंखे गेले तरी टेलिफोनचा रिसीव्हर उचलला की डायल टोन मिळायचाच. त्या फोनला भिंतीतल्या प्लगची गरज नव्हती. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांच्या रांगा असत आणि ज्या दोन तारांवरून आवाज यायचा त्याच तारांवरून ४८ व्होल्टची वीजही घरापर्यंत यायची. पुढे कचेऱ्यांत आयपी फोन आले आणि ही सोय गेली. फोन नेटवर्कच्या केबलवर, वीज मात्र टेबलाखालच्या अॅडॉप्टरवर. वीज गेली की फोन मुका, आणि फोनची खरी गरज नेमकी तेव्हाच. सिस्कोने २००० साली स्वतःच्या पद्धतीने स्विचमधूनच फोनला वीज द्यायला सुरुवात केली. इस्रायलची पॉवरडिझाइन ही कंपनीही याच खटपटीत होती. २००३ मध्ये आयट्रिपलई या संस्थेने ८०२.३ एएफ हे मानक मंजूर केलं आणि कुठल्याही कंपनीच्या स्विचमधून कुठल्याही कंपनीच्या उपकरणाला वीज मिळण्याची वाट मोकळी झाली. पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे बाजारातल्या बोलीत पीओई, ते हेच.

ज्या फोनसाठी हा खटाटोप झाला तो आता मागे पडला. आज केबलच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा कॅमेरा असतो, नाहीतर वायफायचा अॅक्सेस पॉइंट, दारावरचं हजेरीचं यंत्र, गेटवरचा इंटरकॉम. मध्यम आकाराची गृहनिर्माण सोसायटी, तालुक्याच्या गावातलं कॉलेज, वीस खाटांचं हॉस्पिटल, मंगल कार्यालय, सगळीकडे कुठल्या तरी कोपऱ्यात एक रॅक आणि त्यात एक पीओई स्विच असतो. हा स्विच आता नेटवर्कचं काम करता करता इमारतीतला वीज वाटणारा बोर्ड झालाय. विकत घेताना मात्र त्याच्याकडे अजून नेटवर्कचा डबा म्हणूनच पाहिलं जातं. कोटेशनमध्ये ‘२४ पोर्ट गिगाबिट पीओई मॅनेज्ड स्विच, १ नग’ एवढंच लिहिलेलं असतं. वॅटचा उल्लेख नसतो, आणि कमिटीतलं कुणी तो विचारतही नाही. या क्षेत्रातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे असं माझं मत आहे. उरलेल्यांपैकी बऱ्याच ‘मॅनेज्ड’ या शब्दाचे पैसे मोजून तो कधीच न वापरल्यामुळे होतात.

आधी वीज कशी जाते ते पाहू. इथरनेटच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात, प्रत्येक जोडी पिळलेली. डेटा म्हणजे एका जोडीतल्या दोन तारांमधला फरक. दोन्ही तारांवर सारखाच डीसी दाब चढवला तर फरकात काही बदल होत नाही, डेटाला त्याचा पत्ताही लागत नाही. स्विचच्या प्रत्येक पोर्टमागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांच्या वेटोळ्याच्या मध्यावरून वीज एका जोडीत सोडायची आणि दुसऱ्या जोडीतून परत घ्यायची, एवढीच युक्ती. टेलिफोनवाले हीच युक्ती शतकभर आधीपासून जाणत होते.

पण वीज सोडण्याआधी स्विच चौकशी करतो, आणि हा भाग मला सगळ्यात देखणा वाटतो. केबल जोडली की स्विच लगेच ४८ व्होल्ट ढकलत नाही. आधी ३ ते १० व्होल्टच्या दरम्यानचा अगदी हलका दाब देऊन पाहतो. समोरच्या उपकरणात मानकाप्रमाणे सुमारे २५ किलोओहमचा रोध असेल तरच ते वीज मागणारं आहे असं धरतो. तुमचा लॅपटॉप किंवा जुना प्रिंटर तसा रोध दाखवत नाही, म्हणून तो पीओई पोर्टला लावला तरी सुखरूप राहतो. मग दाब १५ ते २० व्होल्टपर्यंत नेऊन स्विच विचारतो, तुझी भूक किती? उपकरण ठरावीक प्रवाह ओढून आपला वर्ग सांगतं. पहिला वर्ग ४ वॅट, दुसरा ७, तिसरा १५.४, चौथा ३०, असं करत आठव्या वर्गाला ९०. त्यानंतर पूर्ण दाब. पुढेही लक्ष सुटत नाही. उपकरणाने अधूनमधून का होईना, किमान १० मिलीअँपिअर ओढत राहायला हवं. ते थांबलं की अर्ध्या सेकंदाच्या आत पोर्टची वीज तोडली जाते, म्हणजे कुणी केबल काढून दुसरंच काही लावलं तरी त्याला झटका बसत नाही.

मानकांतले आकडे विचित्र दिसतात, पण ते हवेतून आलेले नाहीत. ८०२.३ एएफमध्ये स्विच १५.४ वॅट देतो आणि उपकरणाला १२.९५ वॅट मिळतील असं सांगितलंय. मधले २.४५ वॅट गेले कुठे? तारेत. १०० मीटर केबलचा जाण्या-येण्याचा रोध जास्तीत जास्त २० ओहम, प्रवाह ०.३५ अँपिअर, प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध केलं की २.४५ बरोबर हातात येतात. २००९ च्या ८०२.३ एटीमध्ये, ज्याला दुकानदार पीओई प्लस म्हणतात, केबल चांगल्या प्रतीची गृहीत धरली, रोध १२.५ ओहम, प्रवाह ०.६ अँपिअर, तारेतला खर्च ४.५ वॅट, म्हणून ३० पैकी २५.५ पोचतात. २०१८ च्या ८०२.३ बीटीने चारही जोड्या वीज वाहायला लावल्या. रोध निम्मा झाला, प्रवाह १.७३ अँपिअरपर्यंत गेला आणि ९० वॅटमधले ७१.३ टोकाला पोचू लागले. जवळजवळ १९ वॅट नुसत्या केबलला ऊब देण्यात जातात. याहून फार वर जाताही येत नाही, कारण ६० व्होल्टच्या आतला डीसी दाब आणि १०० वॅटच्या आतली शक्ती ही सुरक्षित मानल्या गेलेल्या विजेची हद्द आहे. ती ओलांडली की ही केबल नेटवर्कवाल्या पोराच्या हातात देता येणार नाही, परवानाधारक वायरमन लागेल.

आता मुद्दा बजेटचा. पोर्ट ३० वॅट देऊ शकतो याचा अर्थ सगळे पोर्ट एकाच वेळी ३० वॅट देतील असा नसतो. २४ पोर्टच्या स्विचला त्यासाठी ७२० वॅट लागतील. बाजारात मात्र ३७० वॅटचे स्विच सर्रास दिसतात. हा आकडाही हिशेबाचाच आहे. २४ गुणिले १५.४ म्हणजे ३६९.६. पहिल्या मानकाच्या काळात ‘सगळ्या पोर्टांना पूर्ण वीज’ म्हणजे ३७०, आणि ४८ पोर्टच्या स्विचला ७४०. मानक बदललं, पॉवर सप्लायचा आकडा अनेक ठिकाणी तिथेच राहिला. स्वस्त मॉडेलांत तो आणखी खाली येतो, २४ पोर्ट आणि दोनशेच्या आत वॅट. एका टाकीवर चोवीस नळ बसवले म्हणून पाणी चोवीसपट होत नाही, तसंच हे.

याचा फटका कसा बसतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा सोसायटीत २४ कॅमेरे आहेत आणि स्विचचं बजेट १९५ वॅट. दिवसा कॅमेरा ६ वॅट घेतो, म्हणजे एकूण १४४. बसवणारा माणूस दुपारी सगळे कॅमेरे स्क्रीनवर दाखवतो, अध्यक्षांची सही घेतो आणि जातो. संध्याकाळी अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि प्रत्येकाची मागणी १० वॅटवर जाते. एकूण २४०. स्विच काही जळत नाही, तो शहाणपणाने काही पोर्ट बंद करतो. कुठले? सगळ्यांचा प्राधान्यक्रम सारखाच ठेवलेला असेल तर बहुतेक स्विच मोठ्या क्रमांकाचे पोर्ट आधी तोडतात. चोवीस, तेवीस, बावीस. मागच्या गेटची केबल रॅकमध्ये शेवटी पोचलेली असते, त्यामुळे ती या शेवटच्या पोर्टांत असण्याचीच शक्यता जास्त. सकाळी सगळं पुन्हा सुरू. मग तक्रार येते, कॅमेरे रात्री झोपतात. कॅमेरे बदलले जातात, कनेक्टर बदलले जातात, चित्रण साठवणाऱ्या एनव्हीआरवर संशय घेतला जातो. स्विचच्या व्यवस्थापनाच्या पानावर हे सगळं वेळेनिशी नोंदलेलं असतं, पण ते पान कुणी उघडलेलंच नसतं.

यात आणखी एक पेच आहे. काही स्विच उपकरणाने सांगितलेल्या वर्गाप्रमाणे वीज राखून ठेवतात, काही प्रत्यक्ष वापर पाहून वाटतात. पहिल्या पद्धतीत तिसऱ्या वर्गाचा कॅमेरा ६ वॅटच घेत असला तरी १५.४ वॅट त्याच्या नावावर अडकून पडतात आणि १९५ वॅटच्या स्विचवर बाराच कॅमेरे चालू होतात. तेरावा लावला की ‘वीज नाही’. दुसऱ्या पद्धतीत चोवीसही चालतात, पण संध्याकाळपर्यंतच. कुठली पद्धत चालू आहे हे सेटिंगमध्ये पाहता येतं आणि बदलताही येतं. चांगली उपकरणं एलएलडीपी या भाषेत स्विचशी बोलून दशांश वॅटपर्यंत घासाघीस करतात. दोन्हीकडे ते चालू असेल तर हा पेच बराच सुटतो. माझा कल मात्र रोकडा आहे. रात्रीच्या कमाल मागणीची बेरीज करा, वर पाव हिस्सा ठेवा, आणि तेवढ्या वॅटचा स्विच घ्या. चार पोर्ट कमी चालतील, वॅट कमी नको.

स्विचइतकीच, कधी त्याहून जास्त, फसगत केबलमध्ये होते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात फिरलात तर ३०५ मीटरच्या कॅट सिक्स केबलच्या खोक्यांच्या किमतीत इतकी तफावत दिसेल की हेच ते का, असा प्रश्न पडावा. स्वस्त खोक्यातली तार बहुधा सीसीए असते, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. डेटापुरती ती निभावून नेते, कारण उच्च वारंवारतेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागालगतच वाहतो. डीसी वीज मात्र पूर्ण तारेतून वाहते, आणि अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. वरच्या पीओई प्लसच्या हिशेबात १२.५ ओहमच्या जागी १९ ओहम धरा. ०.६ अँपिअरला सुमारे ११ व्होल्ट तारेतच पडतात, स्विचने ५० दिले तर उपकरणापर्यंत ३९ पोचतात. मानक म्हणतं ४२.५ च्या खाली जाऊ नका. वर भानगड अशी की उपकरणाला ठरावीक वॅट हवे असतात. दाब कमी झाला की ते जास्त प्रवाह ओढतं, जास्त प्रवाहाने दाब आणखी पडतो. शेवटी कॅमेरा रीस्टार्ट होत बसतो. ओळखायचं कसं? खोकं उचलून बघा, सीसीए लक्षात येण्याइतकं हलकं असतं. तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसली की पैसे परत मागा. दोन-चार वेळा वाकवल्यावर ती तुटतेही. ‘टेस्टरवर आठही दिवे लागले’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. तो टेस्टर तार सलग आहे एवढंच सांगतो, ती कशाची आहे ते सांगत नाही.

केबलच्या जुड्यांचाही विचार क्वचित होतो. शंभर केबल एका डक्टमध्ये घट्ट बांधून प्रत्येकीतून मोठी वीज नेली की मधल्या केबलची उष्णता बाहेर जायला वाव राहत नाही, तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, आणि गच्चीवरच्या डक्टमधून जाणाऱ्या जुडीचे मे महिन्यातले हाल सांगायला नकोत. ६०-९० वॅटची उपकरणं जोडायची असतील तर जुड्या लहान ठेवाव्यात, केबल जाड घ्यावी.

पॅसिव्ह पीओई या नावाने जे विकलं जातं त्याबद्दल थोडक्यात. त्यात वर सांगितलेली चौकशी नसते. २४ किंवा ४८ व्होल्ट सदासर्वदा तारेवर चढलेले. टॉवरवरून वायरलेस इंटरनेट देणाऱ्यांनी हा प्रकार रूढ केला, स्वस्त आहे आणि आपल्या जागी ठीक चालतो. पण त्याच रॅकमध्ये मानक स्विचही असेल आणि पोर्टवर खूणचिठ्ठी नसेल, तर एखादा लॅपटॉप बळी जाणार हे धरून चाला. आणि ‘२५० मीटरपर्यंत पीओई’ असं बटण असलेले सीसीटीव्ही स्विच? मानकात अंतराची मर्यादा १०० मीटरच आहे. ते बटण दाबलं की पोर्टचा वेग १० मेगाबिटवर उतरतो. एकट्या लहान कॅमेऱ्याला ते पुरतं, चांगली तांब्याची केबल असली तर वीजही पोचते. अॅक्सेस पॉइंटला ते लावणं म्हणजे वायफाय बसवून न बसवल्यासारखं.

आता मॅनेज्ड या शब्दाकडे. स्विच ही वस्तूच फार जुनी नाही. इथरनेटचा जन्म १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातला, पण अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात यायला १९९० उजाडलं. तो आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं कल्पना. भारतीय वंशाच्या विनोद भारद्वाज यांनी लॅरी ब्लेअर यांच्यासोबत ती काढली आणि पत्नीचं नाव दिलं. सात पोर्टचा तो स्विच. १९९४ मध्ये सिस्कोने कंपनी विकत घेतली. नेटवर्कच्या पाठ्यपुस्तकांत या कंपनीला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

अनमॅनेज्ड स्विच लावला की चालू, त्याला काही सांगता येत नाही आणि तोही काही सांगत नाही. मॅनेज्ड स्विचला पत्ता असतो, पासवर्ड असतो, ब्राउझरमध्ये उघडणारं पान असतं, मोठ्या मॉडेलांत कमांड लाइन असते. त्याच्या गुणांची यादी विक्रेते पानभर देतात; एका सोसायटीच्या किंवा शाळेच्या कामाच्या गोष्टी त्यातल्या मोजक्याच. पहिली म्हणजे व्हीलॅन. १९९८ च्या ८०२.१ क्यू या मानकाने एकाच स्विचमध्ये वेगवेगळी नेटवर्कं करता आली. कॅमेरे एका बाजूला, ऑफिसचा हिशेबाचा संगणक दुसऱ्या, पाहुण्यांचं वायफाय तिसऱ्या. पार्किंगमधल्या खांबावरचा कॅमेरा खाली उतरवून त्याच केबलला कुणी लॅपटॉप लावला तर त्याला काय काय दिसेल, याचा विचार केला की व्हीलॅन ही चैन वाटत नाही. त्याच्या जोडीला एका पोर्टवर एकच ओळखीचं उपकरण चालेल असं कुलूप घालता येतं.

दुसरी गोष्ट लूप. साफसफाईत कुणाच्या तरी पायाने पॅच कॉर्ड निसटते आणि सद्भावनेने तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली जातात. साध्या स्विचवर त्याच क्षणी एकच पॅकेट गरगर फिरून पूर्ण नेटवर्क ठप्प करतं आणि कारण सापडायला अर्धा दिवस जातो. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधला. त्यावर त्यांनी एक छोटी कविताही केली होती. मॅनेज्ड स्विचमध्ये तो असतो, तो चालू आहे ना एवढं पाहायचं.

पण पीओईच्या संदर्भात मॅनेज्डचं खरं मोल मला विजेच्या बाजूलाच दिसतं. पंचवीस फुटांवरचा कॅमेरा अडकला तर शिडी लावून कुणाला वर चढवायचं नाही, पोर्टची वीज दहा सेकंद बंद करून चालू करायची, तेही घरबसल्या. अनेक स्विचमध्ये हे आपोआप होतं. स्विच कॅमेऱ्याला ठरावीक वेळाने हाक देतो, उत्तर आलं नाही की वीज खंडित करून पुन्हा देतो. कुठला पोर्ट किती वॅट घेतोय ते दिसतं, आणि रोज ८ वॅट घेणारा कॅमेरा अचानक ३ वर आला तर त्याचे रात्रीचे दिवे गेलेत हे फुटेज न पाहता कळतं. गेट, लिफ्ट आणि पाण्याच्या टाकीकडचे कॅमेरे वरच्या प्राधान्यात टाकता येतात, क्लब हाउसचे खालच्या. कॉलेजचे अॅक्सेस पॉइंट रात्री अकरा ते सकाळी सहा बंद ठेवता येतात. केबल काढण्याआधी पोर्ट पानावरून बंद करता येतो. वीज चालू असताना आरजे-४५ चा जॅक ओढला की बारीक ठिणगी पडून टोकं झिजतात, मोठ्या वॅटच्या उपकरणांत हे जास्त जाणवतं. काही महागड्या स्विचमध्ये स्वतःचं सॉफ्टवेअर रीस्टार्ट होत असतानाही पोर्टची वीज तोडली जात नाही. हॉस्पिटलात हे मोलाचं आहे, मंगल कार्यालयात त्यासाठी पैसे घालवू नयेत.

याची दुसरी बाजू सांगायला हवी. पत्ता आणि पासवर्ड असलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी बाहेरून उघडू शकतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रामने कारखान्यातून आले तसेच पासवर्ड ठेवलेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला चढवून ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्‌तास पाडल्या. स्विचही सुटलेले नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉल या सोयीतल्या त्रुटीचा फायदा घेऊन जगभरातल्या स्विचांची सेटिंग पुसली गेली; एकट्या इराणमध्ये सुमारे साडेतीन हजार स्विच बाधित झाल्याचं तिथल्या मंत्र्यांनी सांगितलं होतं. आपल्याकडे केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली ती याच भीतीपोटी. पण चाचणी उत्तीर्ण कॅमेरा ‘अॅडमिन-अॅडमिन’ पासवर्डच्या स्विचला जोडला तर त्या चाचणीला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून सगळ्यांनी मॅनेज्डच घ्या असं मी म्हणणार नाही. आठ कॅमेरे आणि एक एनव्हीआर, इंटरनेटशी संबंध नाही, देखरेख करणारं कुणी नाही, अशा दुकानाला पुरेशा वॅटचा साधा स्विच उत्तम. महिन्यातून एकदाही ज्याचं पान उघडलं जाणार नाही तो मॅनेज्ड स्विच म्हणजे महाग अनमॅनेज्ड, वर एक उघडी खिडकी. उलट पंधरा-वीस उपकरणांच्या पुढे, किंवा कॅमेरे आणि ऑफिस एकाच तारेवर असतील तर, मॅनेज्डशिवाय भागत नाही. मधला वर्ग ‘स्मार्ट’ नावाने मिळतो, त्यात व्हीलॅन आणि पोर्टची वीज दोन्ही हाताळता येतात. बहुतेक सोसायट्यांना तोच योग्य. क्लाउडवरून चालणारे स्विच सोयीचे आहेत, पण काहींचं लायसन्स वर्षावर्षाला भरावं लागतं आणि ते संपलं की वस्तू आपल्या रॅकमध्ये असूनही आपल्या हातात राहत नाही. कमिटी दर दोन वर्षांनी बदलते अशा ठिकाणी हा धोका पत्करू नये.

विजेच्या दोन आपल्याकडच्या अडचणी परदेशी माहितीपुस्तिकांत नीट सापडत नाहीत. एक यूपीएस. ३७० वॅटचं बजेट पूर्ण वापरलं तर स्विच स्वतःच्या खर्चासकट आणि पॉवर सप्लायमधल्या तोट्यासकट भिंतीतून साडेचारशेच्या आसपास वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॅट, हे खोक्यावर बारीक अक्षरांत असतं. वापर २०० वॅटच असला तरी आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी कागदावर २५ मिनिटं देते. प्रत्यक्षात त्याच्या निम्मी मिळाली तरी नशीब. पीओईचा मूळ फायदाच हा की सगळ्या कॅमेऱ्यांची वीज एका जागी येते आणि एकाच बॅटरीने सगळे जगतात. ती बॅटरीच तोकडी घेतली तर उद्देशच बुडाला.

दुसरी वीज आकाशातली. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस गडगडाटासह येतो आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या जागेतल्या खांबांवरचे कॅमेरे आणि त्यांचे स्विचमधले पोर्ट एकत्र गेलेले आढळतात. वीज खांबावरच पडायला हवी असं नाही, जवळ पडली तरी लांब तांब्याच्या तारेत जोरदार दाब निर्माण होतो. सर्ज प्रोटेक्टर मिळतात, पण ते अर्थिंगवर अवलंबून, आणि अर्थिंग म्हणजे पाण्याच्या पाइपला गुंडाळलेली हिरवी वायर नव्हे. कंपाउंडच्या टोकापर्यंत फायबर नेऊन तिथे लहान पीओई स्विच वेगळ्या पेटीत बसवणं खर्चाचं दिसतं. काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे नुकसान झालंच तर त्या पेटीपुरतं राहतं. कोकणात आणि मराठवाड्यात मी याशिवाय दुसरा सल्ला देत नाही.

पुढे काय? नवे वायफाय अॅक्सेस पॉइंट ३० वॅटमध्ये मावेनासे झालेत. कमी वीज मिळाली तर ते बंद पडत नाहीत, गुपचूप एखादा रेडिओ मंद करतात, आणि वापरणारा इंटरनेट कंपनीला दोष देतो. म्हणजे आज स्विच घेताना काही पोर्ट तरी बीटी मानकाचे असावेत. अॅमस्टरडॅमच्या ‘द एज’ या इमारतीत छताचे दिवेच इथरनेटवर चालवून दाखवले गेले. नव्या बांधकामात ते जमतं, जुन्या इमारतीत खर्चाला परवडत नाही असं दिसतं.

मला जास्त औत्सुक्य एका जोडीच्या इथरनेटचं आहे. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.३ सीजी मानकाने चार जोड्यांऐवजी एकाच जोडीवर १० मेगाबिट १००० मीटरपर्यंत नेता येतात, आणि त्याच जोडीवरून वीजही. त्यावर आधारलेलं इथरनेट-एपीएल २०२१ मध्ये रसायन आणि तेल उद्योगांसाठी पुढे आलं, स्फोटक वायू असलेल्या जागीही चालेल इतक्या मोजक्या विजेत. पाताळगंगा, लोटे, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींत दाब आणि तापमान मोजणारी उपकरणं कित्येक दशकं दोन तारांवरच चालत आली आहेत. २४ व्होल्टची वीज आणि ४ ते २० मिलीअँपिअरमधलं मोजमाप, दोन्ही एकाच जोडीवर. तिथला इन्स्ट्रुमेंट विभाग प्रत्येक लूपचा रोध, तारेची लांबी आणि टोकाला उरणारा दाब कागदावर मांडल्याशिवाय केबल टाकायला परवानगी देत नाही.